पुलाच्या अलीकडे की पलीकडे?

कोल्हापूर जिल्ह्यात शिरोली एक नाही. करवीर तालुक्यातली शिरोली दुमाला, आणि हातकणंगले तालुक्यातली, पुणे-बेंगळुरू महामार्गावरची, ती शिरोली पुलाची. लातूर, नांदेड, सोलापूर, बेळगाव किंवा थेट पाटण्याहून नोकरीसाठी शिरोली एमआयडीसीत येणारा माणूस पत्त्यातलं हे दुसरं नाव वाचतो आणि ‘पुलाची’ हा शब्द सोडून पुढे जातो. घर शोधायला लागला की पहिल्या पावसाळ्यात त्याला तोच शब्द आठवतो. इथे कुठे राहायचं, या प्रश्नात भाडं, शाळा, बाजार, शेजार सगळं येतं. पण त्या सगळ्याच्या आधी एक प्रश्न येतो: पंचगंगेवरच्या पुलाच्या शहराकडच्या बाजूला राहायचं की कारखान्याकडच्या?

हा प्रश्न आला कुठून, ते आधी बघू. कोल्हापुरात यंत्राचं काम वाढलं ते शहराच्या पोटात. म्हादबा मेस्त्री, वाय. पी. पोवार यांच्यासारख्या माणसांनी ऑइल इंजिनं बनवली. शिवाजी उद्यमनगर उभं राहिलं आणि कामगार पेठेतून सायकल मारत पाच-दहा मिनिटांत लेथवर हजर होऊ लागला. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झालं. पुढे जागा अपुरी पडायला लागली तसे कारखाने शिरोलीला, गोकुळ शिरगावला आणि त्यानंतर कागल-हातकणंगले पंचतारांकित वसाहतीत गेले. कारखाने गेले, पण माणसं आपल्या गल्लीतच राहिली. कारखाना आणि घर यांच्यात नदी आली ती इथे.

थोडं मागे गेलं तर याच भागात उलटं उदाहरण आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये कुंडलजवळच्या माळावर कारखाना काढला, तेव्हा त्यासोबत गावही वसवलं. किर्लोस्करवाडीला येणाऱ्याला ‘कुठे राहू’ असं विचारायची वेळच आली नाही. घर कंपनीनं ठरवलेलं, शाळा तिथलीच, स्टेशनही तिथलंच. त्या सोयीला मालकाच्या नजरेखाली राहण्याची किंमत होती, ती सोडून देऊ. एमआयडीसीनं प्लॉट दिले, रस्ते दिले, पाणी आणि वीज दिली. राहायचं कुठे, ते ज्याचं त्यानं बघायचं. शिरोलीभोवतीच्या आजच्या वस्त्या या ‘ज्याचं त्यानं’मधून वाढल्या आहेत. त्यांचा आराखडा कुणी आखला नाही, म्हणून त्या नकाशावर बघून कळतही नाहीत.

नव्या माणसाची पहिली ओढ शहराकडे असते आणि ती बरोबरही आहे. शिरोलीहून मध्यवर्ती बसस्थानक साधारण आठ-नऊ किलोमीटर. महामार्गावरून तावडे हॉटेलच्या चौकात वळलं की कावळा नाका, आणि त्याच्या अलीकडे-पलीकडे रुईकर कॉलनी, कदमवाडी, भोसलेवाडी, जाधववाडी. एमआयडीसीत कामाला असलेल्यांची ही नेहमीची वस्ती. ऑफिसातले, डिझाइनमधले, क्वालिटीतले लोक ताराबाई पार्क, नागाळा पार्क किंवा राजारामपुरी धरतात. शाहूपुरी १८९५ मध्ये गुळाच्या पेठेसाठी वसली आणि पुढे संस्थानी काळातच राजारामपुरी आखली गेली. नंबराच्या सरळ गल्ल्या आजही त्याची साक्ष देतात. या भागांत दवाखाना, क्लास, भाजी, रात्री अकराला उघडं मेडिकल हे सगळं पायाखाली मिळतं. बारावीतली पोरं असतील, किंवा बायको शहरात नोकरी करत असेल, तर पुढचा लेख वाचायचीही गरज नाही. शहरात घर घ्या आणि रोज पूल ओलांडा.

इटलीचे सेझारे मार्केटी यांनी १९९४ मध्ये मांडलं होतं की कुठल्याही काळातला माणूस रोजच्या जाण्यायेण्याला साधारण तासभरच देतो. चालत असला तर गाव लहान, गाडीत असला तर शहर मोठं. तासाच्या या हिशेबात कोल्हापूर-शिरोली अगदी आरामात बसतं. अडचण रोजच्या तासाची नाहीच. अडचण वर्षातल्या त्या मोजक्या दिवसांची आहे, जेव्हा हे अंतर किलोमीटरमध्ये मोजता येत नाही.

कोल्हापूरकर पावसाळ्यात राजाराम बंधाऱ्याची पातळी फुटांत आणि इंचांत तोंडपाठ ठेवतो. ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैत पाणी ५५ फुटांच्याही वर गेलं. दोन्ही वेळा शिरोलीजवळ महामार्गावर पाणी आलं आणि वाहतूक बंद झाली. २०१९ ला जवळपास आठवडाभर दोन्ही बाजूंना ट्रकच्या रांगा उभ्या होत्या. सांगली फाट्याजवळची संगमरवराची दुकानं पाण्यात होती. पुलाच्या दोन्ही बाजूंना रस्ता मातीच्या भरावावर उचललेला आहे आणि पुराचं पाणी त्याला बंधाऱ्यासारखं अडतं, ही इथल्या लोकांची जुनी तक्रार आहे. भराव काढून खांबांवर पूल करा, ही मागणी त्यातूनच आली.

अशा वेळी शहरात राहणारा कामगार कारखान्यात पोचत नाही. पण शहरात राहणं म्हणजे पुरातून सुटणं, असंही नाही. व्हीनस कॉर्नर, शाहूपुरीतली कुंभार गल्ली, रमणमळा, नागाळा पार्कचा काही भाग या ठिकाणी पाणी शिरतं. ज्यांच्या दारात पाणी आलं नाही त्यांच्या नळालाही पाणी आलं नाही, कारण उपसा केंद्रंच बुडाली होती. भर पुरात टँकरपुढे घागरी घेऊन उभं राहिलेलं शहर मी दोनदा पाहिलंय. उत्तरेकडच्या शिये गावाला कसबा बावड्याकडून जाणारा रस्ता तर महामार्गाच्याही आधी बंद होतो. म्हणून ‘शियेत घर घेऊ, दोन्हीकडे जवळ’ असं कुणी सांगितलं तर त्याला जुलैतलं गणित विचारा. प्रयाग चिखली आणि आंबेवाडी ही नावं पुरामुळे महाराष्ट्रभर झाली. तिथलं घर स्वस्त मिळालं, तर ते स्वस्त का आहे हे वेगळं सांगायला नको.

मग पुलाच्या पलीकडे, कारखान्याच्याच बाजूला का राहू नये? शिरोली गाव, नागाव, मौजे वडगाव, हालोंडी, टोप, संभापूर, कासारवाडी. इथे राहणारा माणूस पाळीला चालत किंवा मोटारसायकलवर दहा मिनिटांत पोचतो. तिसरी पाळी सुटल्यावर सकाळी सात-सव्वासातला घरी येऊन झोपतो. फौंड्रीत काम करणाऱ्याला ही चैन फार मोठी वाटते. कोल्हापूर परिसरात तीनशेच्या आसपास फौंड्र्या आहेत असं धंद्यातले लोक सांगतात. विजेच्या रात्रीच्या सवलतीमुळे त्यातल्या बऱ्याचशांनी वर्षानुवर्षं मेल्टिंग रात्रीच घेतलं. रात्री अडीचला भट्टीपुढून सुटलेला माणूस पूल ओलांडून शहरात जाणार कशाने? केएमटीची बस त्या वेळेला नसते. मोटारसायकलवर, डोळ्यांत झोप, शेजारून उसाचे आणि कंटेनरचे ट्रक. पाळीत काम करणाऱ्यानं कारखान्याच्या बाजूला राहावं, हे माझं स्पष्ट मत आहे. यात चर्चेला जागा फारशी नाही.

पण या बाजूचीही किंमत आहे. ती बघताना घर एमआयडीसीच्या कुठल्या दिशेला आहे, हे विचारलं पाहिजे. पावसाळ्यात वारा पश्चिमेकडून येतो, थंडीत फिरतो. धूर, वाळूची धूळ, शेक-आऊटचा धडधडाट कुणाच्या अंगणात जाणार हे वारा ठरवतो. फौंड्रीत वापरून झालेली काळी वाळू कुठे टाकली जाते, हेही बघावं. रस्त्याकडेचा खड्डा या वाळूनं भरलेला दिसला आणि त्यावरच प्लॉट पाडलेले असले, तर चार पावलं मागे या. टोप-संभापूरकडे दगडाच्या खाणी आणि क्रशर आहेत. हवा उंचावरची, पुराची भीती नाही, चिन्मय गणाधीशाची मोठी मूर्ती लांबून दिसते, पण डंपर आणि धूळ आहेच. हालोंडीची नदीकडची शेतं पुरात जातात, सांगली रस्त्याकडची घरं वेगळी. एकाच गावात दोन उत्तरं असतात, म्हणून गावाच्या नावावरून निर्णय करू नये. गल्लीवरून करावा.

महामार्ग ओलांडणं, हा आणखी एक विषय. घर रस्त्याच्या एका अंगाला आणि शाळा दुसऱ्या अंगाला असेल, तर मूल रोज कुठून पलीकडे जाणार? भुयारी मार्ग किती लांब, पावसात त्यात पाणी साचतं का, सर्व्हिस रोडवर उलट्या दिशेनं येणाऱ्या मोटारसायकली किती? घर बघायला रविवारी दुपारी येणाऱ्याला यातलं काहीच दिसत नाही. सोमवारी सकाळी साडेसहाला सांगली फाट्यावर किंवा नागाव फाट्यावर अर्धा तास उभं राहा. तो अर्धा तास एजंटच्या चार फेऱ्यांपेक्षा जास्त सांगतो.

आता एका गोष्टीकडे सहसा कुणी लक्ष देत नाही, ती पिण्याच्या पाण्याची. पंचगंगा कोल्हापूर शहराजवळून येते आणि मग शिरोलीच्या अंगाला लागते. शहराचे नाले नदीला आधी मिळतात. कोल्हापूर शहरानं काळम्मावाडी धरणातून थेट पाइपलाइन आणली. ते पाणी २०२३ मध्ये शहरात पोचलं आणि शहरानं स्वतःपुरता प्रश्न बराच सोडवला. खालच्या गावांचं काय? त्याही खाली असलेल्या इचलकरंजीत २०१२ मध्ये काविळीची मोठी साथ आली, माणसं दगावली, आणि प्रदूषणाचा विषय बातम्यांमधून थेट घरात आला. शिरोली बाजूला खोली घेताना घरमालकाला दोन प्रश्न विचारा. पाणी कुठून येतं? आणि तुम्ही स्वतः कुठलं पिता? दुसऱ्या प्रश्नाला तो कॅनकडे बोट दाखवील, तर पहिल्याचं उत्तर मिळालंच.

उचगाव आणि गांधीनगर हा तिसरा पर्याय, पुलाच्या शहराकडच्या बाजूचा. तावडे हॉटेलपासून जवळ, घाऊक कापडबाजारामुळे सतत गजबजलेला. भाडं शहराच्या मानानं सोसणारं. गांधीनगरची जागा मुळात स्थलांतरितांचीच आहे. दुसऱ्या महायुद्धात सायबेरियातून सुटलेले, इराणमार्गे आलेले सुमारे पाच हजार पोलिश लोक १९४३ ते १९४८ या काळात इथे वळिवड्याच्या छावणीत राहिले. त्यांच्या शाळा, चर्च, नाटकं इथेच झाली. ते गेले आणि फाळणीत घर सुटलेले सिंधी आले. त्यांनी छावणीचा बाजार केला. कोल्हापूरच्या महावीर उद्यानात पोलिश लोकांच्या आठवणीचा स्तंभ आहे, तिथे कधी गेलात तर बघा. या दोन्ही समाजांना कुठे राहायचं हे विचारलं गेलं नव्हतं. गांधीनगरात आज खोली शोधणाऱ्याला निदान तेवढी मुभा आहे. वाहतुकीची कोंडी मात्र सहन करायची तयारी हवी, विशेषतः दिवाळीच्या आधी.

माझ्या मते सगळ्यात कमी चर्चा होते ती पेठ वडगाव आणि हातकणंगल्याची. वडगाव जुनी बाजारपेठ, नगरपालिका असलेलं गाव. वाठारवरून महामार्गाला लागलं की किणी टोल नाका न लागता शिरोलीत येता येतं. हातकणंगल्याला तहसील आणि रेल्वे स्टेशन आहे, आणि सांगली रस्त्यानं एमआयडीसीत यायला पंचगंगा आडवी येत नाही. दोन्हीकडे शाळा आहेत, डॉक्टर आहेत, आठवडी बाजार आहे, आणि माणूस माणसाला ओळखतो. शहरातला झगमगाट नाही, मोठ्या आजाराला कोल्हापुरातल्या सीपीआर या सरकारी दवाखान्यात किंवा शहरातल्या खासगी दवाखान्यात पळावं लागतं. पण ज्याचं काम शिरोलीत आहे, पोरं लहान आहेत आणि ज्याला शांतता हवी, त्यानं ही दोन गावं बघितल्याशिवाय ताराबाई पार्कातल्या फ्लॅटचं टोकन देऊ नये. जयसिंगपूरही राजर्षी शाहूंनी वसवलेलं, रुंद सरळ रस्त्यांचं, देखणं गाव आहे. पण रोजच्या येण्याजाण्याला लांब पडतं, तिकडे राहणाऱ्यानं आठवडाभर जाऊन-येऊन बघावं.

घर कुठे हवं हे ठरलं, तरी ते मिळेल का, हा भाग वेगळाच. ‘पावणं कुठल्या गावचं?’ हा प्रश्न कोल्हापुरात आपुलकीचा असतो आणि चाचपणीचाही. त्यापाठोपाठ आडनाव, मग लग्न झालंय का. बॅचलर पोरांना ‘फॅमिलीलाच देतो’ असं ऐकवलं जातं. बिहार, ओडिशा, उत्तर प्रदेशातून आलेल्या मोल्डरना एका खोलीत सहा-आठ जण राहावं लागतं, कारण त्यांना तिथेच खोली मिळते. काही ठिकाणी जात आणि धर्म बघून दार बंद होतं, हे कुणी कबूल करत नाही आणि सगळ्यांना ठाऊक असतं. ज्याच्या घामावर भट्ट्या चालतात त्याला वस्तीत जागा नाही, याची लाज शिरोलीनंही बाळगली पाहिजे आणि शहरानंही. दुसऱ्या अंगानं बघितलं, तर एकदा जागा मिळाल्यावर कोल्हापुरी शेजारासारखा शेजार नाही. लेकरू तापलं तर रात्री बाराला गाडी काढणारा माणूस सापडतो. आणि घरमालकीण ‘मी गेलतो की काल बाजारात’ म्हणाली तर गोंधळू नका, इथल्या बायका बोलतात तसं.

भाड्यानं घेताना लिव्ह अँड लायसन्सचा करार नोंदवून घ्या. महाराष्ट्रात १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यानं नोंदणी सक्तीची आहे, आणि साध्या स्टॅम्पपेपरवरच्या अकरा महिन्यांच्या कागदाला अडचणीच्या वेळी फारसा अर्थ राहत नाही. शिरोलीचा तालुका हातकणंगले आणि शहराचा करवीर, हे ध्यानात ठेवलं की दाखल्यांसाठी चुकीच्या तहसीलच्या पायऱ्या चढाव्या लागत नाहीत.

विकत घेणाऱ्यासाठी मात्र इथे जपून पाऊल टाकावं असा भाग आहे. कोल्हापूरची महापालिका १९७२ मध्ये झाली आणि त्यानंतर दशकानुदशकं हद्द तीच राहिली. आसपासची गावं हद्दवाढीला विरोध करत आली. घरफाळा वाढेल, शेती जाईल, आपला सरपंच जाऊन नगरसेवकाच्या दारात उभं राहावं लागेल, हे त्यांचं म्हणणं. शहराचं म्हणणं, सेवा आमच्या वापरता आणि कर भरत नाही. दोघांचंही अर्धं खरं आहे. मधला तोडगा म्हणून २०१७ मध्ये करवीर आणि हातकणंगले तालुक्यांतल्या ४२ गावांसाठी कोल्हापूर नागरी क्षेत्र विकास प्राधिकरण आलं. गर्दी शहरासारखी, कारभार ग्रामपंचायतीचा, परवानगी प्राधिकरणाची, अशा तीन तुकड्यांत ही उपनगरं चालतात. गटार तुंबलं तर कुणाला फोन करायचा, याचं उत्तर तीन ठिकाणी तीन वेगळं मिळतं.

या फटीतच गुंठ्यांचा धंदा फोफावला. दोन गुंठे, तीन गुंठे, ‘कागद क्लिअर आहे साहेब’. १९४७ चा तुकडेबंदीचा कायदा असतानाही शेतजमिनीचे तुकडे पडत राहिले. २००१ च्या गुंठेवारी कायद्यानं जुन्या तुकड्यांना नियमित व्हायची वाट दिली, आणि २०२१ मध्ये ती ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या प्लॉटना वाढवली. पण वाट आहे याचा अर्थ तुमचा प्लॉट तिच्यात बसतो, असा नाही. ग्रामपंचायतीचा नमुना आठचा उतारा दाखवून ‘नोंद आहे’ म्हणणारे भेटतील. तो कर आकारणीचा कागद आहे, मालकी सिद्ध करत नाही. सातबारा, फेरफार, बिगरशेतीचा आदेश, झोन दाखला आणि मंजूर नकाशा, एवढं समोर आल्याशिवाय सौद्याची भाषा नको. नदीच्या बाजूला असेल तर पूररेषाही. निळी रेषा साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. दोन वर्षांच्या अंतरानं दोन महापूर बघितलेल्या गावात हे आकडे ऐकून लोक हसतात, आणि मलाही त्यांचं हसणं पटतं. निळ्या रेषेच्या आत घर नको, हे कायद्यानंही आहे. लालच्या आतलंही घेऊ नका, हे माझं सांगणं.

आणि शक्य असेल त्यानं पहिल्या वर्षी काहीच विकत घेऊ नये. जून ते सप्टेंबर भाड्यानं काढावेत, मग ठरवावं. जूनच्या आधी घर बघायला गेलात तर भिंतीवर हात ठेवा आणि घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला विचारा: एकोणीसला पाणी कुठपर्यंत आलं होतं? एकवीसला? एजंट आधी बोलायला लागला तर त्याला थांबवा. आजी कमरेपाशी हात नेऊन दाखवतात, काही जणी दाराच्या वरच्या चौकटीकडे बोट करतात. आणि टोपच्या बाजूला विचारलंत तर हसून म्हणतात, ‘इथं कुठलं वो पाणी, ते खाली शिरोलीत.’